बिनधुराचा शेक

“ताई, निखारे नेताय ते न्या, पण खोलीचं दार-खिडकी लावून घेऊ नका,” एकनाथमामा म्हणाले आणि चिमट्यात धरलेला लालबुंद निखारा त्यांनी आमच्या शेगडीत अलगद ठेवला. “धूर असला की माणूस खोकतो, डोळे चोळत उठून बाहेर जातो. फुललेल्या कोळशाला धूर नसतो. तो माणसाला बसल्या जागी बसवून ठेवतो.”

डोक्याला स्कार्फ, कानात कापूस, अंगात दोन स्वेटर अशा अवतारात मी ओट्यावर उंबऱ्याला टेकून उभी होते. “हो मामा,” म्हटलं. विमा विकायला आलेल्या माणसाला आपण ज्या सुरात हो म्हणतो, त्याच सुरात. शेगडी आईने उचलली, आम्ही आत गेलो आणि दार लावून घेतलं.

मामांचं बोलणं कानाआड करण्यामागे इतिहास होता. निफाडला आमच्या घरासमोर, चिंचेखाली, त्यांचं इस्त्रीचं टेबल मी शाळेत असल्यापासून आहे. कोळशाची जड पितळी इस्त्री, कोळसा पेटवायची पत्र्याची बादली, वर छप्पर आणि चारही बाजू उघड्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एक सल्ला दिल्याशिवाय त्यांना करमत नसे. करोनात त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं की कडक इस्त्रीच्या रुमालापुढे कुठलाही विषाणू टिकत नाही. माझी लेक पाच दिवसांची असताना त्यांनी ओट्याखालूनच मला बजावलं होतं की मोबाइलवर बाळाचे फोटो काढू नका, वजन उतरतं. आता ही निखाऱ्याची गोष्ट. मी ती त्याच पिशवीत टाकली. शिवाय मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. कोळसा म्हणजे काय हे इस्त्रीवाल्याने मला शिकवायचं म्हणजे फारच झालं.

तसं घाबरण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते. पहिलटकरीण, त्यात नवरा पुण्याला कंपनीत, आणि हातात चोवीस तास मोबाइल. डासाला घाबरायचे, पंख्याला घाबरायचे, पाहुण्यांच्या मुक्यांना घाबरायचे. बाळाला शिंक आली तर वहीत लिहायचे. हो, वही होती. दूध किती वाजता, शी किती वाजता, झोप किती, उचकी किती वेळ, असे रकाने आखलेली दोनशे पानी. शेवटच्या रकान्यात मी माझी स्वतःची दुखणी लिहायचे, कारण बाळंतिणीकडे कुणी बघत नाही असं मी कुठेतरी वाचलं होतं. उशाशी थर्मामीटर होतं, आणि करोनाच्या वेळी घरोघरी आलेलं ते बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्रही होतं.

माझी आईही घाबरायची, पण तिला एकाच गोष्टीची भीती होती. वाऱ्याची. बाळंतवारा बाधला की जन्माची कंबर जाते, डोकं जातं, दूध जातं, असा तिचा ठाम समज. त्यात निफाडची जानेवारी. पारा पाचावर आलेला. द्राक्षबागांतून लोक पहाटे शेकोट्या पेटवून घडांना ऊब देत होते. द्राक्षाला मिळते ती ऊब नातीला मिळू नये, हे आईला मान्य नव्हतं. मालिश झाली की बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा, शेपा, लसणाची टरफलं, आणि खोलीभर तो डोळ्यांतून पाणी काढणारा धूर. मला तिने तसंच वाढवलं होतं.

आठव्या दिवशी शेक सुरू झाला आणि पहिल्याच शेकाला मी त्या धुरावरून रान उठवलं. बाळाची फुप्फुसं किती कोवळी असतात, यावर मी आईला अर्धा तास ऐकवलं. आई रडली. मग मी रडले. मग बाळ रडलं. शेवटी आम्हा दोघींत तह झाला. धूर नको ही माझी अट, वारा नको ही तिची. म्हणून ओवा-टरफलं बंद. कोळसा घरात पेटवायचाच नाही. समोरून एकनाथमामांकडचा पूर्ण फुललेला, राखेची पांढरी साय धरलेला लोणारी कोळसा आणायचा. त्याचा एक कणही धूर होत नाही. आणि खिडकी बंद ठेवायची. आमची खिडकी सरकत्या काचांची, तिच्या खाचेतून गार झुळूक यायची. त्या खाचेवर चिकटपट्टी मी स्वतः लावली. एक नाही, दोन पदर. दाराखालच्या फटीत आईने गोधडीची सुरळी बसवली. दोघीही खूश झालो. आई म्हणाली, शिकलेल्या मुलीचं ऐकलं की असा मार्ग निघतो.

तीन दिवस मजेत गेले. शेक पंधरा-वीस मिनिटं चालायचा, मग आई शेगडी उचलून मोरीत नेऊन पाणी ओतायची. बाळ शेकानंतर गाढ झोपायचं. वहीत त्या झोपेपुढे मी चांदणी काढायचे.

अकराव्या दिवशी सासूबाई आल्या.

इंदुमती देवरे, चाळीसगावच्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. त्या घरात शिरल्या की आपली वेणी सैल आहे का, हे हात लावून बघावंसं वाटायचं. दुसऱ्या दिवशी बारसं, म्हणून सकाळच्या गाडीने आल्या, डिंकाच्या लाडवांचा मोठा डबा घेऊन. आईने पंधरा दिवसांपूर्वीच डिंकाचे लाडू केले होते. दोन डबे स्वयंपाकघरात शेजारी शेजारी ठेवले गेले, आणि मला त्याच क्षणी कळलं की आजचा दिवस लांबणार.

माझी आई आणि सासूबाई एकमेकींना अतिशय गोड बोलत. त्या गोडीनेच भीती वाटायची. लग्नात रुखवतावरून जे सुरू झालं होतं ते चार वर्षं तितक्याच गोडीत चालू होतं. सासूबाईंनी बाळाला पाहिलं आणि म्हणाल्या की नाक अगदी देवऱ्यांचं, सरळ. आई म्हणाली, हो ना विहीणबाई, सुरुवातीला सगळ्याच बाळांचं तसं वाटतं. सासूबाई म्हणाल्या, टाळूवर तेल जरा कमीच पडतंय का. आई म्हणाली, आमच्याकडे तेल थापत नाहीत, जिरवतात. मग नावाचा विषय निघाला. सासूबाईंना शारदा हवं होतं, शाळेच्या नावावरून. आईला तिच्या आजीच्या नावावरून भागीरथी हवं होतं. मी दोन्ही नावं ऐकून वहीत उचकीची वेळ लिहायला लागले.

अकरा वाजता शेक झाला. साडेअकराला बाळ प्यायलं आणि झोपलं. आई शेगडी उचलायला वाकली तशी सासूबाई म्हणाल्या की राहू द्या, प्रवासात पाय गारठलेत. विहिणीचे पाय गारठलेत म्हटल्यावर आई मागे कशी राहणार? ती समोर गेली, मामांकडून आणखी निखारे घेऊन आली, शेगडी काठोकाठ भरली आणि गोधडीची सुरळी पुन्हा फटीत नीट दाबून बसवली. मला म्हणाली की एकनाथ आजही तेच पुराण लावत होता. मी हसले. मग जेवणाची ताटंही खोलीतच आली. बाजेवर मी आणि बाळ, खाली सतरंजीवर दोघी विहिणी, मधे शेगडी.

खोलीत छान ऊब होती. धूर नव्हता, वास नव्हता. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. माझं डोकं ठणकत होतं. मी ते जागरणावर ढकललं. तरी घाबरट बाई मी, बोटाला ते यंत्र लावून पाहिलं. नव्याण्णव. बाळाच्या पावलाला लावायचा प्रयत्न केला, जमला नाही. मग आईच्या बोटाला लावलं. तिचंही नव्याण्णव. सासूबाई म्हणाल्या, माझंही बघ, आणि त्यांचं अठ्ठ्याण्णव आलं तेव्हा आईला जो आनंद झाला तो मी कधी विसरणार नाही. यंत्र सांगतंय म्हणजे सगळं ठीक. मी आडवी झाले.

खाली बोलणं चालू होतं, पण त्याचा सूर बदलला होता. सासूबाई म्हणत होत्या, “विहीणबाई, खरं सांगू का, नाक तुमच्याकडचंच आहे.”

“नाही हो,” आई म्हणाली. “तुमचंच. मी उगाच बोलले.”

“लाडूही तुमचेच चांगले. माझ्यात गूळ जास्त झालाय.”

“असू द्या. गोड बरा.”

मग दोघी हसल्या. एवढ्याशा गोष्टीवर फार वेळ हसल्या. नावाचंही बोलणं झालं, आणि दोघींना एकच नाव पसंत पडलं. मीसुद्धा बाजेवरून म्हणाले की छान आहे. कधी नव्हे तो घरात समेट झाला होता आणि मला वाटलं, मुलगी पायगुणाची आहे. आईने भिंतीला डोकं टेकवलं. सासूबाई, ज्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही पाठ टेकून बसल्या नसतील, सतरंजीवर कलंडल्या. त्यांचा चष्मा नाकावरून घसरून गालावर आला तरी त्यांनी तो सावरला नाही.

इथेच मला शंका यायला हवी होती. त्या दोघींचं कशावर तरी एकमत झालंय, एवढं पुरेसं होतं.

डोळा उघडला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी सवयीने वही ओढली. शेवटची नोंद साडेअकराची. किती वेळ झाला ते रकान्यात लिहायचं, म्हणून हिशोब करायला लागले. साडेअकरा ते दोन दहा. होईना. बोटं मोजली. बोटं मोजता मोजता विसरले की काय मोजतेय. पेन्सिलीची रेघ रकान्याबाहेर, पानाबाहेर, चादरीवर गेली. मला त्याची गंमत वाटली. झोपू दे, मी म्हणाले. बाळ झोपलंय, झोपू दे.

अकरा दिवसांत मी एकदाही ‘झोपू दे’ म्हटलं नव्हतं. दोन तास झाले की मी त्या पोरीला गुदगुल्या करून उठवायचे. माझं मलाच ते वाक्य परकं वाटलं. मी पुन्हा वहीकडे पाहिलं, आणि नजर शेवटच्या रकान्यावर पडली. माझंच अक्षर. आठवा दिवस: शेकानंतर डोकं दुखलं. नववा: डोकं दुखलं, ओट्यावर गेल्यावर थांबलं. दहावा: डोकं, मळमळ, आईचंही डोकं, ओट्यावर बरं वाटलं. आणि त्याच तीन दिवसांच्या झोपेपुढे मी काढलेल्या चांदण्या.

मग कुठून कोण जाणे, डोळ्यांपुढे दुसरीच वही आली. शेवटच्या वर्षाची उत्तरपत्रिका, प्रश्न चौथा. रंग नसलेला, वास नसलेला वायू, कोळसा अपुऱ्या हवेत जळताना तयार होतो. लक्षणे: डोकेदुखी, मळमळ, गुंगी, गोंधळलेली मनःस्थिती. हिरव्या शाईने उपशीर्षकं अधोरेखित केलेली. कार्बन मोनॉक्साइडवर मला दहापैकी नऊ मार्क पडले होते. सरांनी एक कापला होता आणि बाजूला लिहिलं होतं: खबरदारी लिहिली नाही.

मी बाळाला उचललं. तिचं डोकं माझ्या कोपरावरून मागे पडलं, ती तशीच राहिली. हात उचलून सोडला तर तोही पडला.

बाजेवरून उतरले ती खालीच बसले. पाय माझे नव्हते. आईला हाक मारली, तिने डोळे न उघडता “हं” केलं. दाराशी गुडघ्यांवर गेले. दार आत उघडणारं, आणि खाली ती गोधडी गच्च. एका हातात पोर धरून मी ती गोधडी ओढत होते आणि ती संपत नव्हती. आईच्या हातची, सात लुगड्यांची. शेवटी सुटली. दार उघडलं, मधली खोली ओलांडली, ओट्यावर आले आणि पायरीवर धपकन बसले. गार वारा तोंडावर आला.

समोर एकनाथमामा इस्त्री फिरवत होते. त्यांनी वर बघितलं. अकरा दिवसांची बाळंतीण, उघड्या डोक्याने, उघड्या ओट्यावर. सल्ला दिल्याशिवाय राहवेल कसं? “ताई, कान बांधा आधी,” असं त्यांनी म्हटलं, आणि मग त्यांना माझा चेहरा दिसला. हातातली इस्त्री होती तिथे टेकवून ते रस्ता ओलांडून धावत आले.

“शेगडी आतच आहे?”

मी मान डोलावली.

“माणसं किती?”

मी दोन बोटं दाखवली. त्यांनी छातीभर श्वास घेतला, गाल फुगवले आणि पाण्यात सूर मारल्यासारखे आत घुसले. खळ्ळकन काच फुटल्याचा आवाज आला. चिकटपट्टीचे दोन पदर सोडवत बसायला त्यांना वेळ नव्हता. मग बाहेर आले ते सासूबाईंना दोन्ही काखांत हात घालून, उलट पावलांनी ओढत. सासूबाई अर्धवट शुद्धीत होत्या. त्यांनी मामांकडे रोखून बघितलं आणि जड जिभेने विचारलं, “कोणत्या वर्गातला तू?”

“चौथी, बाई,” मामा म्हणाले आणि ओढत राहिले.

सासूबाईंना ओट्यावर ठेवून त्यांनी पुन्हा श्वास घेतला, पुन्हा आत गेले, आईला आणलं. तिसऱ्या खेपेला शेगडी आणून अंगणात पालथी केली. आई बाहेर येताच तुळशीजवळ ओकली. सासूबाई तिच्या शेजारी ओकल्या. दोघींनी एकमेकींचे खांदे घट्ट धरले होते.

माझी लेक मांडीवर होती. ओठ जरासे उघडे. मी तिच्या तळव्यांवर टिचक्या मारत होते. तिच्या नावाने हाक मारावी तर नाव नव्हतं. “बाळा,” म्हणत होते, “ए बाळा, ए पोरी, रड ना. रड.” अकरा दिवस मी जिचं रडणं थांबवायला धडपडत होते, तिला मी रडण्यासाठी विनवत होते.

एवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला. मामांनी टेकवलेली इस्त्री एका फौजदारसाहेबांच्या खाकी पॅंटवर होती, आणि पॅंटीतून धुराचा लोट निघाला होता. धूर दिसला म्हटल्यावर अख्खी गल्ली धावली. कुणी बादली आणली, कुणी कळशी, कुणी नुसताच आणखी ओरडत आला. आम्ही तिघी आणि एक बाळ दहा हातांवर ओट्यावर पडलो होतो आणि तालुक्याची सगळी मदत त्या पॅंटीला चालली होती.

त्या गोंधळात तिने शिंक दिली. एकच, बारीकशी. मग तोंड वाकडं केलं, आणि मांजराच्या पिल्लासारखं एकदा कुंईं केलं. मामा माझ्यासमोर उकिडवे बसले होते. “चोळा, ताई, पाठ चोळा, थांबू नका,” ते म्हणाले. मी पाठ चोळली. ती रडली. मोठ्याने नाही, पण रडली. गल्लीने तेव्हा कुठे मान वळवून आमच्याकडे बघितलं.

शेजारच्या मोगलांची द्राक्षाच्या क्रेट वाहायची पिकअप उभी होती. आम्हाला मागच्या उघड्या भागात बसवून त्यांनी थेट दवाखाना गाठला. तिथे ऑक्सिजन लागला आणि तो चालू ठेवूनच रुग्णवाहिकेने नाशिकच्या मोठ्या इस्पितळात नेलं. लेकीला लहान मुलांच्या विभागात आत घेतलं. आम्हा तिघींना शेजारी शेजारी तीन खाटा मिळाल्या, तिघींच्या तोंडावर मास्क.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. मी त्यांना पहिलं काय सांगितलं असेल, तर यंत्रावर नव्याण्णव दाखवत होतं. मला कुणीतरी म्हणायला हवं होतं की तुझी चूक नाही.

“दाखवणारच,” त्या म्हणाल्या. “रक्त लालच दिसतं ना त्याला. त्यात ऑक्सिजन बसलाय की हा वायू, हे त्या बोटाच्या यंत्राला ओळखता येत नाही. ऑक्सिजनची जागा हा वायू बळकावतो आणि लवकर उठत नाही. म्हणून हा मास्क काही तास राहू दे. बाळं श्वास भराभर घेतात, त्यांना मोठ्यांपेक्षा आधी बाधतो.”

“ती बरी होईल ना?”

“आत्ता चांगली प्यायली. रक्तातलं प्रमाण उतरतंय. पण मी आजच्या आज हो म्हणणार नाही. मेंदूवर परिणाम झाला असेल तर कधी कधी काही आठवड्यांनी दिसतो. तुम्हाला लक्ष ठेवावं लागेल.” मग थांबून त्यांनी विचारलं, “नोंदी ठेवायला जमतील?”

मला हसावं की रडावं कळेना.

संध्याकाळी मी डोळे मिटून पडले होते. डाव्या खाटेवरून मास्कमधून आवाज आला. सासूबाई विचारत होत्या की विहीणबाई, आपण नाव कोणतं ठरवलं होतं? आई म्हणाली, ठरलं होतं खरं. फार चांगलं होतं. मीही आठवून पाहिलं. तिघींना पसंत पडलेलं, तिघींनी ऐकलेलं ते नाव तिघींपैकी एकीलाही आठवत नव्हतं, आजतागायत आठवलेलं नाही.

“शारदाच असणार,” सासूबाई म्हणाल्या.

“शारदाला मी कशी हो म्हणेन?” आई म्हणाली. “गुंगीत असले तरी?”

“म्हणजे आमची नावं गुंगीत घेण्यासारखी आहेत का?”

“तसं नाही म्हटलं मी. तुम्ही लावून घेतलंत.”

मग रुखवत निघालं. मग लाडू निघाले. गूळ कुणाचा जास्त होता त्याची फेरतपासणी झाली. नाकाचा निकालही रद्द झाला. आवाज चढत गेले, मास्कवर वाफ धरायला लागली, आणि परिचारिका धावत येऊन म्हणाली की आजी, शांत पडा बरं दोघी.

“नको,” मी म्हणाले. “भांडू द्या त्यांना. पाया पडते, भांडू द्या.” आणि मी उशीत तोंड खुपसून रडले. त्या आवाजाइतकं बरं वाटणारं मी त्याआधी काही ऐकलं नव्हतं.

पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो. पुढचे पाच महिने मी लेकीकडे डोळ्यांत तेल घालून बघितलं. मान धरली त्या दिवशी वहीत लिहिलं, पालथी पडली त्या दिवशी लिहिलं, आवाजाच्या दिशेने वळली तेव्हा लिहिलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या हसून म्हणाल्या की आता पुरे करा. ती वही मी तिथेच बंद केली. लेकीचं नाव मी एकटीने ठेवलं, रेवा. दोघी आज्यांना आवडलं नाही, पण न आवडण्यावर त्यांचं एकमत झालं तेव्हा मी आधी उठून खिडकी उघडली.

एकनाथमामांना मी फौजदारांची नवी पॅंट शिवून दिली. त्यांची माफी मागितली. ते म्हणाले की ताई, माझ्या बापाचा धाकटा भाऊ असाच गेला, पावसात टपरीची ताडपत्री चारी बाजूंनी सोडून आत इस्त्री करत बसला होता. सापडला तेव्हा झोपल्यासारखाच होता. तेवीस वर्षांचा. मी विचारलं, मामा, हे त्या दिवशी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, “बाळंतिणीपुढे मरणाचं बोलू नये.”

रेवा आता बालवाडीत जाते. परवा तिच्या शाळेत एक आई भेटली. तिची बहीण बाळंत झालीय, माहेरी आहे, डोंगरातल्या गावात, थंडी फार आहे. मी विचारलं, खोलीत शेगडी ठेवतात का. ती म्हणाली, ठेवतात, पण धूर अजिबात होत नाही. मी तिला तिथेच, फाटकात उभं करून फोन लावायला सांगितलं. तिला मी चक्रम वाटले असेन. वाटू दे.

आता तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेल. बाळंतीण असेल, नाहीतर थंडीत एकटी राहणारी म्हातारी, नाहीतर गॅसच्या गिझरच्या न्हाणीघरात दार लावून आंघोळ करणारा भाचा. आज तिला, त्याला फोन करा. डोकं दुखतं का, बाहेर आल्यावर थांबतं का, एवढंच विचारा. आणि पलीकडून कुणी म्हणालं की सगळे अगदी शांत झोपलेत, बाळसुद्धा, तर बरं म्हणून फोन ठेवू नका. शेजारच्याला आत्ताच्या आत्ता त्यांचं दार वाजवायला सांगा.